आपलीच मुलगी समजा

प्रल्हादराव देवस्थळी बोलायला फार गोड गृहस्थ होते, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. कोणी घरी आलं की 'आता जेवूनच जा', कोणाच्या घरून निघाले की 'आता तुम्ही या एकदा', आणि कोणी काही काम करताना दिसलं की खुर्चीतून न उठता 'मी काही मदत करू का?' ही वाक्यं त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडत. समोरचा माणूसही 'छे छे, तुम्ही बसा' म्हणे, आणि प्रल्हादराव बसत. नाशिकला त्यांचं सगळं बालपण आणि तरुणपण याच पद्धतीनं सुरळीत गेलं होतं. पुढे ते अमेरिकेत आले, डेन्व्हरजवळ एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागात चिकटले आणि हायलँड्स रँच नावाच्या उपनगरात त्यांनी घर घेतलं. तिथे नावापुरताच रँच होता. गाईगुरं कुठे दिसत नसत, घरं सगळी एकाच बिस्किटी रंगाची, आणि दाराला दुसरा रंग द्यायचा म्हटलं तरी कमिटीची परवानगी लागे. पण आजूबाजूला पाच-सहा मराठी घरं होती, त्यामुळे त्या गोड वाक्यांना खप होता.

दोन हजार सहा सालच्या मार्चात त्यांच्या मुलीनं, हिमानीनं, जेवणाच्या टेबलावर एक बॉम्ब टाकला. ती दहावीत होती आणि शाळेत स्पॅनिश शिकत होती. तिच्या वर्गातल्या काही मुलांची उन्हाळ्यात स्पेनला जायला निवड झाली होती, आणि त्यात तिचं नाव होतं. सहा आठवडे, डोंगरातल्या एका खेड्यात, एका स्पॅनिश कुटुंबाच्या घरी राहायचं. ती हे सगळं इंग्रजीत सांगत होती, कारण मराठी तिला सगळी कळत असली तरी उत्तर देताना ती इंग्रजीवरच येई. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "सो, कॅन आय गो?"

प्रल्हादराव म्हणाले, "बघू."

हिमानीनं काटा खाली ठेवला. हा 'बघू' तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा होता. कुत्रा पाळण्याचं बघू झालं होतं, गिटारचं बघू झालं होतं, मैत्रिणींबरोबर कॅम्पला जायचं तर दोनदा बघू झालं होतं, आणि त्यातलं काहीही अजून कोणी पाहिलेलं नव्हतं. पण या वेळी तिच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं की पद्मजावहिनींनी नवऱ्याला टेबलाखालून पाय मारला. अनोळखी लोकांच्या घरी मुलगी सहा आठवडे पाठवायची म्हणजे काय, हा प्रल्हादरावांचा प्रश्नही तसा खोटा नव्हता. एकुलती एक मुलगी, आणि तिच्याशिवाय ते घर कधी दोन दिवसही राहिलेलं नव्हतं. मात्र हे दुसरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी तिथल्या पाण्याची, दूतावासाची आणि उष्माघाताची कारणं सांगितली.

तोडगा शेजारच्या विनयनं काढला. विनय नागपूरचा, स्वतः कुठल्याही भानगडीत न पडता दुसऱ्याला सल्ला देण्यात त्याचा हात धरणारं त्या कॉलनीत कोणी नव्हतं. "यार, डायरेक्ट प्रॉडक्शनमध्ये कशाला जातोस? आधी पायलट कर," तो म्हणाला. म्हणजे जवळपास कुठेतरी, स्पॅनिश बोलणाऱ्या घरी, एक वीकएंड काढून बघायचा. त्याची बायको रेणू हिचा याला विरोध होता. तिच्या नणंदेची मुलगी अशीच फ्रान्सला एका कुटुंबाकडे राहिली होती आणि येताना स्वतःची मतं घेऊन आली होती. तरीही जायचंच असेल तर चिवडा भरपूर न्या, एवढं तिनं बजावलं.

हिमानीच्या स्पॅनिशच्या बाईंनी लगेच व्यवस्था केली. दक्षिणेला पाच-सहा तासांवर, न्यू मेक्सिकोच्या डोंगरात, शेकडो वर्षांपूर्वी येऊन वसलेल्या स्पॅनिश लोकांची गावं आहेत, आणि तिथली काही कुटुंबं भाषा शिकणाऱ्यांना घरी ठेवून घेतात. नियम एकच होता. तिथे असेपर्यंत कोणी इंग्रजी बोलायचं नाही. पायलटची ही कल्पना प्रल्हादरावांना पसंत पडली, कारण आपण स्वतः बरोबर जाणार आणि सगळी पाहणी करून निकाल देणार, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

पण ती व्यवस्था बघणाऱ्या संस्थेत 'पालक' नावाची जातच अस्तित्वात नव्हती. फोनवरच्या बाई अतिशय मधुर आवाजात म्हणाल्या की तिथे फक्त विद्यार्थी जाऊ शकतात. प्रल्हादरावांनी त्यांना पालक म्हणजे काय हे तीन वेगवेगळ्या दिवशी समजावून सांगितलं. शेवटी त्या बाईंनीच मार्ग काढला आणि देवस्थळी पती-पत्नींची पहिल्या पातळीचे विद्यार्थी म्हणून नोंद केली. आठवड्यानं गळ्यात अडकवायचे तीन बिल्ले पोस्टानं आले. हिमानीच्या बिल्ल्यावर गरुड होता. प्रल्हादरावांच्या बिल्ल्यावर अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू होतं. पस्तीस माणसांच्या विभागाचा मॅनेजर असलेल्या माणसानं हा बिल्ला खिशात ठेवला, आणि लायब्ररीतून स्पॅनिशच्या सीडी आणून ऑफिसला जाता-येता गाडीत ऐकायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत त्यांना रेल्वे स्टेशन कुठे आहे हे विचारता येऊ लागलं. ते जिथे चालले होते तिथे रेल्वे नव्हती.

एप्रिलच्या एका शुक्रवारी ते निघाले. खिंडीत बर्फ लागलं, प्रिंट काढून आणलेल्या नकाशाची दोन पानं खिडकी उघडल्यावर उडाली, आणि मोबाइलची रेंज गेली. त्यानंतर रस्ता सापडला तो हिमानीनं एका मेंढपाळाला खिडकीतून काहीतरी विचारलं म्हणून. प्रल्हादरावांनी त्यालाही नम्रपणे मान लववून 'या एकदा आमच्याकडे' असं मराठीत म्हणून घेतलं. हिमानीनं ते त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं. मेंढपाळ विचारात पडला. या गोष्टीकडे तेव्हाच कोणीतरी लक्ष द्यायला हवं होतं.

घर मातीचं होतं, जाड भिंतींचं, मागे सफरचंदाची झाडं आणि त्यामागे चढत गेलेला डोंगर. दारात तिघं उभे होते. एलिसेओ हा पंचावन्न-साठीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला घरमालक, त्याची बायको लुसिंदा, आणि त्याची आई दोन्या आदेला, म्हणजे आपल्याकडच्या आदेलाबाई. ही आजी प्रल्हादरावांच्या खांद्याइतकी उंच होती, पण खाली बघून बोलल्यासारखं बोलत असे. ओळखी झाल्या. हिमानी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं एकमेकांना सांगत होती, आणि प्रल्हादरावांच्या लक्षात आलं की इथे इंग्रजी बंद असल्यामुळे पोरगी चक्क मराठी बोलतेय. मोडकं का होईना, पण मराठी. इतक्या वर्षांत रविवारच्या मराठी वर्गाला जे जमलं नव्हतं ते एका स्पॅनिश अंगणात झालं होतं. त्या आनंदाच्या भरात त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आजीबाईंकडे पाहिलं आणि मुलीचा बाप अशा वेळी जे म्हणतो तेच म्हणाले.

"हिला आपलीच मुलगी समजा."

हिमानीनं सांगितलं. आजीबाईंनी एलिसेओकडे पाहिलं, मग हिमानीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, एकदा मान हलवली आणि तिच्या हातात कोंबड्यांचं खाणं असलेली बादली दिली. प्रल्हादराव हसले. हिमानी बादली घेऊन गेली, ती अर्ध्या तासानं परत आली, आणि लगेच तिला सरपण आणायला पाठवण्यात आलं.

रात्रीच्या जेवणाला मक्याचं पातळसर कालवण, राजम्यासारखी घेवड्याची उसळ आणि तव्यावरून थेट ताटात येणाऱ्या टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पोळ्या, होत्या. सुगंध असा सुटला होता की प्रल्हादरावांची भूक दुप्पट झाली. लुसिंदानं भांडं पुढे करून विचारलं. प्रल्हादराव पोटावर हात ठेवून म्हणाले, "नको नको, वाटेत खाल्लंय." खाल्लेलं काहीही नव्हतं. आता दुसऱ्यांदा आग्रह होईल, मग आपण 'अगदी थोडं' म्हणू, मग तिसऱ्यांदा होईल आणि आपण नाइलाजानं ताट भरून घेऊ, असा हा साधा हिशोब होता. हिमानीनं सांगितलं, "बाबांना नको." लुसिंदानं मान डोलावली आणि भांडं पुढे नेलं. ते परत आलंच नाही. पद्मजावहिनींनी मात्र पहिल्या झटक्यात होकार दिला होता, आणि त्या चौथी टॉर्टिया घेत होत्या.

"तू नको असं का सांगितलंस?" प्रल्हादरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

हिमानी गोंधळली. "पण बाबा, तू नको म्हणाला."

"अगं, ते म्हणायचं असतं."

"मग काय सांगायचं असतं?"

या प्रश्नाचं उत्तर प्रल्हादरावांना मराठीतसुद्धा देता येईना. ते पाणी पिऊन झोपायला गेले.

सकाळी उठल्या उठल्या त्यांनी गाडीच्या डिकीकडे धाव घेतली. चिवड्याचा डबा तिथे होता. पहिला बकाणा तोंडात गेला न गेला तोच घरचा कुत्रा समोर येऊन बसला आणि आर्जवानं बघू लागला. प्रल्हादरावांनी सवयीनं त्यालाही 'घे' म्हटलं. कुत्र्यात ती नको-नको करण्याची पद्धत नव्हती. त्यानं मूठभर चिवडा एका दमात खाल्ला, त्यातली तळलेली मिरची त्याला लागली, आणि तो अंगणभर केकाटत फिरू लागला. घरातले सगळे बाहेर आले. डिकीत डोकं घातलेला, मिशीला कढीपत्ता चिकटलेला पाहुणा सगळ्यांनी पाहिला. आजीबाई काहीतरी म्हणाल्या. हिमानीला ते सांगायचं नव्हतं, पण प्रल्हादरावांनी जोर केला.

"ती विचारते, तुला आमचं जेवण आवडत नाही म्हणून तू इथे चोरून खातो का?"

प्रल्हादरावांचा चेहरा पडला. आता काहीतरी करून बाजू सावरायला हवी होती. समोर एलिसेओ दुखरा गुडघा सांभाळत शेडमधून फावडी काढत होता. प्रल्हादराव कमरेवर हात ठेवून, जागचे न हलता, आपल्या ठेवणीतल्या गोड आवाजात म्हणाले, "काय चाललंय? मी काही मदत करू का?"

हिमानीनं सांगितलं. एलिसेओच्या हातातलं फावडं थांबलं. त्यानं आईकडे पाहिलं, आईनं आकाशाकडे पाहून छातीवर क्रूस केला, आणि एलिसेओ येऊन प्रल्हादरावांच्या गळ्यात पडला.

प्रकार असा होता. डोंगरातलं बर्फ वितळून येणारं पाणी गावातल्या शेतांना एका जुन्या पाटानं मिळतं. दर वसंतात, पाणी सोडायच्या आधी, तो पाट साफ करायचा असतो. ज्या घराला पाण्याचा हक्क आहे, त्या घरचा एक माणूस फावडं घेऊन त्या दिवशी हजर पाहिजे, नाहीतर गावात नाक कापलं जातं. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती आणि तो दिवस नेमका आज होता. एलिसेओचा गुडघा आठवडाभरापूर्वी गेला होता, मुलगा दूर लष्करात होता, आणि सकाळपासून आजीबाई स्वतः फावडं घेऊन जायच्या गोष्टी करत होत्या. म्हणून हा पाहुणा देवानंच पाठवला, असं घरानं ठरवलं. 'छे छे, तुम्ही बसा' हे वाक्य त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

पाटावर तीस-एक माणसं जमली होती. त्यांचा मुकादम काठीनं जमिनीवर खुणा करून एकेकाला त्याचा तुकडा आखून देत होता. प्रल्हादरावांनी परिस्थितीचा अंदाज घेतला आणि थोडी प्रतिष्ठा परत मिळवावी म्हणून हिमानीला म्हणाले, "सांग त्यांना, आमच्या नाशिककडेही पाट असतात म्हणावं." म्हणायचा उद्देश एवढाच की आम्हीही अगदीच हे नाही. नाशिकचा पाट त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिला होता. हिमानीनं सांगितलं. मुकादमाच्या चेहऱ्यावर आदर पसरला. त्यानं प्रल्हादरावांचा हात दाबला, आधी आखलेली खूण पुसली आणि पुढच्या वळणावरचा, विलोच्या झाडांच्या मुळ्यांनी भरलेला तुकडा त्यांना मानानं दिला.

पुढे काय झालं ते फार तपशिलात सांगण्यात अर्थ नाही. आउटलेट मॉलमधून आणलेले पांढरे बूट पहिल्या पाच मिनिटांत चिखलाच्या रंगाचे झाले. फावडं मुळीत अडकलं, ते ओढताना प्रल्हादराव बसले, आणि जिथे बसले तिथे बर्फाचं पाणी होतं. बिल्ल्याच्या लोंबत्या पट्ट्यानं दगा दिला आणि खिशातून बाहेर येऊन पिल्लाचा बिल्ला सगळ्यांना दिसला. शेजारच्या तुकड्यावरचा म्हातारा तो बिल्ला पाहून इतका हसला की त्याला फावड्यावर रेलावं लागलं. मग त्यानंच येऊन मुळ्या कशा तोडायच्या ते खुणेनं दाखवलं आणि निघून गेला. मदत मात्र केली नाही, कारण ती मागितली नव्हती. प्रल्हादरावांना आयुष्यात प्रथमच वाटलं की सरळ मागितली असती तर बरं झालं असतं.

दुपारी गावातल्या बायका पातेली घेऊन पाटावर आल्या. लुसिंदा प्रल्हादरावांसमोर थांबली आणि तिनं विचारलं. हिमानी तोंड उघडणार, तेवढ्यात चिखलानं माखलेले प्रल्हादराव ओरडलेच, "सी!" सीडीतून दोन आठवडे शिकलेल्या सगळ्या भाषेतला हाच एक शब्द त्यांना वेळेवर आठवला होता. पहिल्याच वेळी हो म्हणण्याचा त्यांच्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग. लुसिंदानं ताट शिगोशीग भरलं. पुन्हा विचारल्यावर ते पुन्हा सी म्हणाले. पद्मजावहिनी दुरून हे पाहत होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, आपण किती आग्रह फुकट केला, असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

संध्याकाळी अंगाचा प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे दुखत असताना प्रल्हादराव अंगणात बसले होते, आणि आतून आजीबाईंचा वरच्या पट्टीतला आवाज आला. त्या हिमानीला झापत होत्या. ती शेजारच्या मुलींबरोबर न सांगता ओढ्यापलीकडे गेली होती आणि अंधार पडता पडता आली होती. प्रल्हादराव ताडकन उठले, म्हणजे उठायचा प्रयत्न केला. आपल्या मुलीला आपण कधी आवाज चढवून बोललो नाही, आणि ही परकी बाई तिला ओरडणार? "ही कोण लागून गेली?" ते पद्मजावहिनींना म्हणाले. "झाला पायलट. स्पेन कॅन्सल."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, आपलीच मुलगी समजा," पद्मजावहिनी म्हणाल्या. "त्यांनी समजली. आणि मला विचाराल तर तिला ओरडायलाच हवं होतं. मी निघालेच होते, त्या पुढे झाल्या."

प्रल्हादरावांनी खिडकीतून आत पाहिलं. हिमानी खाली मान घालून उभी होती. घरी असती तर एव्हाना दार आपटून खोलीत गेली असती. आजीबाईंचं बोलून संपलं, त्यांनी तिचे ओले मोजे काढायला लावले, ते चुलीजवळ वाळत टाकले आणि तिला शेजारी बसवून घेऊन टॉर्टियाचा गोळा तिच्या हातात दिला. थोड्या वेळानं दोघी हसत होत्या. हिमानीच्या नाकाला पीठ लागलं होतं. पाहणीत खोट काढायला आलेल्या माणसाला खोट सापडत नव्हती, आणि त्याला त्याचं वाईट वाटत होतं. खोट सापडली असती तर मुलगी घरीच राहिली असती.

रविवारी सकाळी निघायची वेळ झाली. एलिसेओनं पाटाला सोडलेलं पहिलं पाणी दाखवायला सगळ्यांना नेलं. प्रल्हादरावांच्या तुकड्यातून पाणी वाहत गेलं, वळणावर थोडं थबकलं आणि पुढे गेलं. त्यांना उगाचच भरून आलं, आणि भरून आल्यावर त्यांच्या तोंडून जे यायचं ते आलं. "आता तुम्ही सगळे एकदा आमच्याकडे या." हिमानीनं सांगितलं. एलिसेओनं पत्ता विचारला. आजवर हे वाक्य ऐकून कोणी पत्ता विचारला नव्हता, त्यामुळे प्रल्हादराव जरा दचकले, पण त्यांनी पत्ता सांगितला.

मग आजीबाई पुढे आल्या. मुलगी स्पेनला जाणार की नाही, असं त्यांनी थेट विचारलं. हिमानीनं तो प्रश्न वडिलांना मराठीत सांगितला आणि त्यांच्याकडे न बघता पाण्याकडे बघत उभी राहिली. दोन दिवस ती हा प्रश्न गिळून होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

"बघू," प्रल्हादराव म्हणाले.

हिमानीनं तेही जसंच्या तसं सांगितलं. आजीबाई त्यावर जे बोलल्या ते तिनं पाण्याकडे बघतच सांगितलं. "ती म्हणते, तू बघायला आला होता. दोन दिवस बघितलं. आता अजून काय बघायचं आहे?"

प्रल्हादरावांनी तोंड उघडलं. स्पेनमधला उन्हाळा त्यांना आठवला, पासपोर्टची मुदत आठवली, विनयनं सांगितलेली खिसेकापूंची गोष्ट आठवली. सगळी वाक्यं तयार होती. पण दोन दिवसांत त्यांच्या प्रत्येक वाक्याचं जे झालं होतं ते त्यांना पक्कं लक्षात होतं. इथे जे बोलू तेच खरं धरलं जाणार. मग त्यांनी जे खरं होतं तेच सांगितलं, आणि ते आजीबाईंकडे बघून नाही, हिमानीकडे बघून.

"तू गेलीस की मला घरात करमायचं नाही गं. बाकी काही नाही. एवढंच आहे."

हिमानीनं पाण्यावरची नजर वर उचलली. बाबांचं असं वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. आजीबाईंनी तिचा दंड हलवून विचारलं, काय म्हणाला? हिमानीनं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. ती बरंच बोलली. त्यातला एकच शब्द प्रल्हादरावांना कळला, तो 'सी' होता. आपण हो कधी म्हणालो, हे त्यांनी आठवून पाहिलं. म्हटलेलं नव्हतं. पण पोरीचा चेहरा बघून त्यांना ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही. एवढ्याशा वाक्याचं भाषांतर इतकं लांब कसं झालं, हा प्रश्न मात्र त्यांना खिंड ओलांडेपर्यंत पडला होता. खिंडीपलीकडे हिमानी पुन्हा इंग्रजीत बोलू लागली, आणि तो विचारायचा राहून गेला.

जून संपता संपता हिमानी गेली. विमानतळावर प्रल्हादराव व्यवस्थित वागले. घरी आल्यावर त्यांनी तिची सायकल पुसली, तिच्या खोलीतला पंखा दुरुस्त केला, जो बिघडलेला नव्हता, आणि रोज संध्याकाळी ते टीव्ही लावून त्याच्याकडे पाठ करून बसू लागले. पद्मजावहिनींचंही फार वेगळं चाललं नव्हतं. विनय येऊन सांगून गेला की यार, पहिला आठवडाच जड जातो. दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा जड गेला. रेणूनं जेवायला बोलावलं तर प्रल्हादराव पहिल्याच वेळी हो म्हणाले, आणि ती बिचारी पुढचा आग्रह तोंडात घेऊन तशीच उभी राहिली.

एका शनिवारी सकाळी घरासमोर एक मोठा, धुळीनं माखलेला पिकअप येऊन थांबला. त्यातून गुडघ्याचा पट्टा काढलेला एलिसेओ उतरला, लुसिंदा उतरली, आणि मागून दोघांचा हात धरून दोन्या आदेला उतरल्या. बरोबर वाळवलेल्या लाल मिरच्यांची माळ, पिठाची गोणी आणि त्यांच्या तीन बॅगा होत्या. पलीकडच्या घरातून विनयनं पडदा बाजूला केला.

प्रल्हादराव दारात उभे राहिले. पाहुणे आल्याचा आनंद आणि हिमानी नसताना यांच्याशी बोलायचं कसं, ही धास्ती त्यांना एकदमच झाली. त्यांनी सीडीतलं रेल्वे स्टेशन मनाशी जुळवायला घेतलं.

एलिसेओ स्वच्छ इंग्रजीत म्हणाला की प्रवास छान झाला, फक्त डेन्व्हरच्या ट्रॅफिकनं जीव घेतला.

तुम्हाला इंग्रजी येतं का, असं प्रल्हादरावांनी जवळजवळ तक्रारीच्या सुरात विचारलं. एलिसेओ म्हणाला, आयुष्यभर मी शाळेची बस चालवली, येणार नाही तर काय. त्या वीकएंडला नियम होता म्हणून बोललो नाही. आणि मग त्यानं ते का आले ते सांगितलं. हिमानी त्या दिवशी पाटावर म्हणाली होती की बाबा हो म्हणतायत. पण ती गेली की त्यांना घरात करमणार नाही, आणि ते कोणाला सांगणारही नाहीत. तेव्हा त्यांनी तुम्हाला बोलावलंच आहे, तर तुम्ही जुलैत जा.

"म्हणून आलो," एलिसेओ म्हणाला. "आईनं तर त्याच दिवशी ठरवलं होतं."

पद्मजावहिनींनी लुसिंदाला मिठी मारली आणि दोघी पिठाची गोणी उचलून स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा. दोन्या आदेला दिवाणखान्याच्या मध्यभागी उभ्या राहिल्या, बिस्किटी रंगाच्या भिंती त्यांनी एकदा न्याहाळल्या आणि काहीतरी विचारलं. एलिसेओनं त्याचं भाषांतर केलं. त्या विचारत होत्या की मुलीची खोली कुठली. मुलगी आपलीच आहे, तेव्हा ती येईपर्यंत तिच्या खोलीत आपण झोपू.

प्रल्हादरावांनी त्यांची बॅग उचलली. जिन्याशी येऊन ते थांबले, मागे वळले, आणि त्यांच्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं. पद्मजावहिनींनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून डोळ्यांनी त्यांना सावध केलं. या वाक्याचं काय होणार, ते शब्दाला शब्द कसं धरलं जाणार, हे प्रल्हादरावांनाही पुरतं ठाऊक होतं. तरी ते एलिसेओला म्हणाले, "आईंना सांगा, हे घर आपलंच समजा."

एलिसेओनं सांगितलं. आजीबाईंनी एकदा मान हलवली आणि जिना चढायला लागल्या.